नॅनोसेकंदांत लेसर डायोड चालवताय? या चुका टाळा

लेसरचा ‘पल्स रुंद येतोय’ अशी तक्रार आली की आधी बोर्ड बघावा. डायोडचे पाय लांबच्या लांब, कपॅसिटर दुसऱ्या टोकाला, मध्ये जंपर वायर. एक मिलिमीटर तार म्हणजे ढोबळमानाने एक नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला होणारा अडथळा. 2 नॅनोसेकंदांत 20 अँपिअर चढवायचे तर 10 नॅनोहेन्रीच 100 व्होल्ट खातात.

रत्नागिरीत अंतर मोजायच्या एका प्रोजेक्टमध्ये हेच झालं. ब्रेडबोर्ड, 1 नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि करंटच्या सगळ्या वाटेचे मिळून सुमारे 60 नॅनोहेन्री. 40 व्होल्टला जेमतेम 5 अँपिअर मिळाले, म्हणून घाईने सप्लाय 150 पर्यंत चढवला. करंट वाढला, रुंदी मात्र 24 नॅनोसेकंदच राहिली. ती 3.14 × √(एल × सी) ने ठरते (एल म्हणजे वाटेचा इंडक्टन्स, सी म्हणजे कपॅसिटर), व्होल्टेजने नाही. वर करंटने उलटा झोका घेतला आणि डायोड गेला, कारण त्याला उलटे दोन-तीन व्होल्टच सोसतात. तीच वाट 5 नॅनोहेन्रीची केली तर 50 व्होल्टच्या आसपास 20 अँपिअर आणि 7 नॅनोसेकंद मिळतात.

म्हणून ब्रेडबोर्ड नकोच. पाय बुडाशी कापा, कपॅसिटर, गॅन फेट (गॅलियम नायट्राइडचा वेगवान ट्रान्झिस्टर, इथला स्विच) आणि डायोड खेटून बसवा, परतीचा करंट लगेच खालच्या तांब्याच्या थरातून आणा. एका मोठ्या कपॅसिटरऐवजी 270 पिकोफॅरडचे चार सीझिरोजी (व्होल्टेजने किंमत न बदलणारे सिरॅमिक कपॅसिटर) समांतर लावा. एक्स7आर जातीच्या कपॅसिटरची किंमत व्होल्टेजखाली आक्रसते. उलट्या झोक्यापासून वाचवायला लेसर डायोडला उलटा शॉटकी डायोड हवाच.

दुसरी चूक मोजण्यातली. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची 15 सेंटीमीटरची अर्थ क्लिप लावली की 130 मेगाहर्ट्झच्या आसपासचं रिंगिंग, म्हणजे थरथरती लाट, दिसतं. ते सर्किटचं नसून क्लिपचं असतं, आणि लोक आठवडाभर त्याच्यामागे लागतात. क्लिप काढा, टोकाशी स्प्रिंग लावा. करंट मोजायला 0.1 ओहमचा एकच रोध नको: 20 अँपिअरला त्यावर खरे 2 व्होल्ट, तर त्याच्या 1 नॅनोहेन्रीवर 10 व्होल्ट येतात. 1 ओहमचे दहा छोटे रोध शेजारी शेजारी समांतर लावा.

बऱ्याच गॅन फेटच्या गेटला 5 व्होल्ट द्यायचे, 6 च्या वर कधीच नाही.

पावसाळ्यात वीज जाऊन आली की मायक्रोकंट्रोलरची पिन क्षणभर तरंगते आणि लेसर आपोआप सुटू शकतो. ड्रायव्हरच्या इनपुटला 10 किलोओहम ग्राउंडला जोडा. खारी दमट हवा आणि उरलेला फ्लक्स मिळून चार्जिंगच्या रेषेवर करंटची गळती करतात. बोर्ड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ब्रश मारून धुवा, नीट वाळवा, मगच कोटिंग द्या.

905 नॅनोमीटरचा लेसर प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याच्या आतला पडदा जाळतो. त्याच तरंगलांबीसाठीचा संरक्षक चष्मा घातल्याशिवाय सप्लाय चालू करू नका.