क्रीडा-वाहिनीत वरपर्यंत जायचं तर आधी हक्कांचा हिशोब शिका

क्रीडा-वाहिनीत नोकरीसाठी येणाऱ्या बहुतेक मुलामुलींना वाटतं, खेळाची आवड हीच खरी पात्रता. आवड हवीच, तिच्याशिवाय रात्रपाळ्या आणि सुट्टीच्या दिवशीचे सामने निभत नाहीत. पण मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाकडे ती असते. पुढे तो जातो, ज्याला समोरची स्पर्धा दाखवण्याच्या हक्कांची किंमत काढता येते आणि ती परवडणार नसेल तर तसं स्पष्ट सांगता येतं.

माझी सुरुवात निर्मिती विभागात झाली, तिथून शेड्युलिंग आणि मग हक्क-खरेदी. नवख्यांना मी हाच क्रम सुचवते. कंट्रोल रूममध्ये काही हंगाम काढले की वर्ल्ड फीड, म्हणजे सगळ्या वाहिन्यांना मिळणारं सामन्याचं सामायिक चित्रण, कुठे संपते, आपलं समालोचन आणि स्टुडिओ कुठे सुरू होतो, पावसाने खेळ थांबला की ती वेळ कशाने भरायची, हे अंगवळणी पडतं. रून आर्लेज 1960 मध्ये अमेरिकेतल्या एबीसी या टीव्ही नेटवर्कमध्ये निर्माता म्हणून आले आणि 1968 मध्ये एबीसी स्पोर्ट्सचे अध्यक्ष झाले. कॅमेरा नुसता चेंडूवर ठेवू नका, प्रेक्षक आणि प्रशिक्षकांचे चेहरेही दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. प्रेक्षक खिळून का राहतो, हे निर्मितीत शिकलेला माणूस हक्क विकत घेताना वेगळ्या नजरेने बघतो.

शेड्युलिंगमध्ये फार काळ अडकू नका. दोन थेट सामने एकाच वेळी आले तर कोणता कुठे दाखवायचा, एवढी जाण आली की पुरे.

खरी शाळा हक्कांच्या कराराची. त्यात रकमेपेक्षा बाकीची कलमं जास्त बोलतात. हक्क कोणत्या देशांपुरते, कोणत्या भाषांत? टीव्ही आणि डिजिटल दोन्ही, की एकच? हायलाइट्स किती मिनिटांच्या आणि सामना संपल्यावर किती वेळाने? दुसऱ्याला सबलायसन्स, म्हणजे आपल्या हक्कांतला वाटा, देता येईल का? सामने कमी झाले तर पैसे कमी होतील का? 2020 मध्ये जगभर स्पर्धा थांबल्या, तेव्हा या शेवटच्या प्रश्नावर प्रक्षेपक आणि संघटना समोरासमोर बसल्या. हे कलम वकिलावर सोपवून मोकळं होऊ नका. कलमाची भाषा वकील बघतो, पण ते लागू झाल्यावर किती पैसे जातील हे आपल्यालाच काढावं लागतं.

आता हिशोब. क्रिकेटमध्ये षटक संपलं, गडी बाद झाला की जाहिरातीला जागा मिळते. फुटबॉलमध्ये 45 मिनिटांचे दोन भाग जवळजवळ सलग चालतात, म्हणून तिथे भिस्त सब्स्क्रिप्शनवर. एकाच प्रेक्षकसंख्येचे दोन खेळ दोन वेगळ्या किमतींचे असतात ते यामुळे. आयपीएलच्या 2023 ते 2027 या काळाचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले, सामन्यामागे साधारण 118 कोटी. आकडा पाहून थक्क होण्यापेक्षा तो वसूल कुठून होणार, हे विचारा. त्या लिलावात डिजिटलची भारतासाठीची दोन पॅकेजेस मिळून टीव्हीच्या पॅकेजपेक्षा महाग ठरली, ही मला एकूण रकमेपेक्षा मोठी बातमी वाटते.

ईर्षेने बोली लावली की काय होतं, याचीही उदाहरणं अभ्यासा. ब्रिटनमध्ये आयटीव्ही डिजिटल या सशुल्क टीव्ही कंपनीने फुटबॉल लीगशी, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या क्लबांच्या लीगशी, 31.5 कोटी पौंडांचा करार केला. पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत, 2002 मध्ये कंपनी बुडाली आणि त्या पैशांच्या भरवशावर खर्च केलेले क्लब अडचणीत आले. फ्रान्समध्ये मीडियाप्रो या प्रक्षेपण कंपनीने 2020 मध्ये लीग 1 या तिथल्या अव्वल फुटबॉल लीगचे हप्ते थांबवले आणि त्याच वर्षाअखेर करार मोडला. दोन्हीकडे सर्वाधिक रक्कम मान्य झाली होती, पण ती शेवटपर्यंत मिळेल याची पक्की हमी नव्हती. किमतीइतकंच हमीकडे बघणारा अधिकारी मला जास्त मोलाचा वाटतो.

पैसे मोजणं हेच सर्वस्व, असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या चॅनल नाइनचे मालक केरी पॅकर यांना तिथल्या क्रिकेटचे हक्क मिळाले नाहीत, तेव्हा 1977 मध्ये त्यांनी स्वतःची स्पर्धा उभी केली. रात्रीचे सामने, रंगीत कपडे, दोन्ही टोकांना कॅमेरे. खेळ दाखवायचा कसा, याचं एवढं स्पष्ट चित्र त्यांच्याकडे होतं, म्हणून ती जोखीम पेलली गेली. 1979 मध्ये हक्क त्यांच्या चॅनल नाइनकडेच आले.

पदवी कोणती घ्यावी, असं मुलं फार विचारतात. पत्रकारिता चालेल, वाणिज्य किंवा कायदा असेल तर आणखी बरं. पण पहिल्या नोकरीआधी एक सराव जरूर करा. एखादी लहान लीग निवडा. सामने किती, जाहिरातीचे सेकंद किती, निर्मितीचा खर्च काय, हे एक्सेलमध्ये मांडा. मग अपेक्षित प्रेक्षक निम्मे धरून सगळं पुन्हा काढा. दुसऱ्या हिशोबात जेवढी रक्कम निघेल, तेवढीच बोली लावा.