५० सीसीचा चेनसॉ घेताना काय बघायचं

रोज लाकूड तोडणाऱ्याला ५० सीसीचं मशीन पुरतं, पण दुकानात नुसता सीसी विचारून पैसे देऊ नका. स्टिल कंपनीचा एमएस २६१ बघा, ५०.२ सीसी, ३ किलोवॅट, वजन ४.९ किलो, आणि हुस्कवार्नाचा ५५० एक्सपी मार्क टू, ५०.१ सीसी, पॉवर तेवढीच पण वजन ५.३ किलो. म्हणजे ताकदीत बरोबरी, फरक ४०० ग्रॅमचा, आणि फांद्या छाटताना दुपारपर्यंत तो फरक खांद्याला बरोबर कळतो. हे वजन बार (ज्यावर चेन फिरते ती लांब पट्टी), चेन, पेट्रोल, ऑइल धरून नसतं हां, म्हणून दोन्ही टाक्या भरून, जो बार वापरणार तोच लावून मशीन हातात घ्या. पुढचं हँडल एका हाताने धरून उचला, बारचं टोक जास्त खाली गेलं तर बार लांब झालाय, १५-१६ इंची लावून बघा. मग चालू करून लाकडात घाला, रिकामी रेस काही सांगत नाही. कापताना हाताला मुंग्या येतात का, चेन ब्रेक झटकन लागतो का, हे बघितल्याशिवाय घेऊच नका. आणि गावाजवळ सर्व्हिस कुणाची आहे ते आधी विचारा.