घरात कुणाला पेसमेकर किंवा आयसीडी बसवलाय? मग हे वाचा

सगळ्यात आधी डिस्चार्जचा कागद काढा आणि बसवलंय काय ते बघा, पेसमेकर (ठोके मंद पडले तर सांभाळणारा) का आयसीडी (ठोके बेफाम झाले तर शॉक देणारा). आमच्या अण्णांना पेसमेकर बसला, वर्षभराने मामांना आयसीडी, आणि घरातले सगळे दोन्हीला नुसतं "मशीन" म्हणायचे, त्यामुळे लई गोंधळ झाला. दोन्ही मशीन एका खांद्याखाली कातडीच्या आत बसतात, दिसायला सारखेच, पण काम वेगळं.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक बारकी जागा असते, सायनस नोड, तिथून प्रत्येक ठोक्याचा विजेचा सिग्नल निघतो आणि मधल्या एव्ही नोडमधून खालच्या कप्प्यांत उतरतो. अण्णांचा हा मधला रस्ताच बंद पडत होता, वरून सिग्नल निघायचा पण खाली पोचायचा नाही, ठोके 35 वर यायचे आणि जिना चढताना भोवळ यायची. डॉक्टर याला हार्ट ब्लॉक म्हणतात. ब्लॉक म्हटल्यावर आमच्याकडे निम्मे पाहुणे अँजिओप्लास्टी कधी करणार असं विचारत होते, तर ते नव्हे, ते नसेतलं ब्लॉकेज, हा वायरिंगमधला फॉल्ट. पेसमेकर हृदयात सोडलेल्या वायरीतून ठोके ऐकत बसतो, वेळेत ठोका आला तर गप्प, नाही आला तर स्वतः हलकासा करंट देतो, जो माणसाला बहुतेक वेळा जाणवतही नाही.

आयसीडीचं उलटं. खालचे कप्पे अचानक बेफाम पळायला लागले किंवा नुसते थरथरायला लागले की रक्त पुढं जात नाही आणि माणूस काही सेकंदात कोसळतो. तेव्हा आयसीडी बऱ्याचदा आधी भराभर छोटे करंट देऊन ती पळापळ मोडायला बघतो, नाही जमलं तर शॉक देतो, छातीवर लाथ बसल्यासारखा. गरज पडली तर आयसीडी मंद ठोकेही सांभाळतो, पण साधा पेसमेकर शॉक देत नाही. आणि दोन्हीपैकी कुठलंही मशीन हार्ट अटॅक थांबवत नाही. छातीत दुखलं, घाम फुटला तर "मशीन आहे की" म्हणून घरी बसायचं नाही.

घरी आल्यावर पहिले साधारण 4 ते 6 आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, घागर, सिलेंडर, पिठाचा डबा उचलायचा नाही, कारण आतली वायर अजून पक्की बसलेली नसते. पण घाबरून हात गळ्यात बांधूनही ठेवू नका, अण्णांनी तेच केलं आणि खांदा आखडून बसला, नंतर महिनाभर त्याचाच त्रास. खांद्याच्या खाली हात रोज हलता ठेवायचा. जखम कोरडी ठेवा, हळद किंवा घरातलं मलम लावू नका, आणि लाल झाली, सुजली, पाणी यायला लागलं किंवा ताप आला तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

नाडी मोजायला घरातल्या एकाने तरी शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा (अंगठा नको, त्यात स्वतःचीच नाडी लागते), 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मशीन कमीत कमी किती ठोक्यांवर सेट केलंय ते डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा, नाडी वारंवार त्याच्या खाली लागत असेल तर फोन करा.

मोबाईल वापरा, पण शर्टच्या खिशात नको, मशीनपासून 15 सेंटीमीटर तरी लांब आणि बोलताना दुसऱ्या बाजूच्या कानाला. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह खुशाल वापरा, इंडक्शन शेगडीपासून मात्र 60 सेंटीमीटर लांब उभं राहायचं. वेल्डिंगच्या जवळ जायचं नाही. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला चिकटून उभं राहू नका, स्पीकरमधे मोठे लोहचुंबक असतात, आणि आयसीडीवर चुंबक आला तर तेवढा वेळ तो शॉक द्यायचा थांबू शकतो. बाजूला झालं की बहुतेक मशीन परत नेहमीसारखं चालतं. लूमवर (यंत्रमागावर) काम करणाऱ्याने कामावर कधी जायचं आणि चालू मोटरपाशी किती जवळ जायचं हे नीट विचारूनच ठरवा. संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज (उंच, जड काठी) पेलायचा मान घरात असेल तरी तेच, बाराबंदी (यात्रेचा पांढरा पोशाख) घालून दर्शनाला जरूर जा, गड्ड्यावर (यात्रेतल्या जत्रेत) हिंडा, पण वजन पेलायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून सरळ चालत जा, मधे रेंगाळू नका, हातातला डिटेक्टर छातीवर धरू देऊ नका, मशीनसोबत मिळालेलं ओळखीचं कार्ड दाखवा. ते कार्ड कायम पाकिटात, आणि त्याचा फोटो घरच्या सगळ्यांच्या मोबाईलमधे. एमआरआय, फिजिओथेरपीतला शेक किंवा कुठलंही ऑपरेशन असेल तर आधी कार्ड पुढं करायचं.

आयसीडीचा एक शॉक बसला आणि माणूस लगेच नीट बोलतोय तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लागोपाठ दोन बसले, किंवा एकानंतरही छातीत दुखतंय, धाप लागलीय, शुद्ध जातेय, तर थेट 108. शॉकच्या वेळी त्यांना धरलं तर तुम्हाला झिणझिण्या येतील एवढंच, तेव्हा हात सोडू नका. मामी पहिल्या वेळी भीतीने लांब सरकली, ते तिच्या अजून मनात आहे.

बॅटरी किती चालते हे अण्णा रोज विचारायचे. पेसमेकरची साधारण 8 ते 12 वर्षं, चेकअपला ती तपासतात, आणि संपत आली की वायर चांगली असेल तर नुसती डबी बदलतात. 1958 साली स्टॉकहोममधे आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तो काही तासांतच बंद पडला, पण पुढं वीसहून जास्त वेळा मशीन बदलत ते 86 वर्षांचे होईपर्यंत जगले. हे सांगितल्यावर अण्णांचं विचारणं थांबलं.

आणि एक गोष्ट, बोलायला जड जाते पण माहीत पाहिजे. मशीन असलेला माणूस गेला आणि दहन करायचं असेल तर आधी हॉस्पिटलमधून मशीन काढून घ्यावं लागतं, आगीत बॅटरी फुटते. दफन असेल तर तो धोका नाही.