झिलईचा गिलावा चढवण्याआधी

सगळ्यात आधी प्लास्टिक. दीड फूट बाय दीड फूट, पारदर्शक, जरा जाडसर. ज्या भिंतीवर चुन्याची झिलई (घोटून चकचकीत केलेला चुन्याचा पातळ थर), स्टुको, टेक्स्चर, जे काही करायचं ठरलंय, त्या भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीला ते लावा, चारही कडांना टेप मारा आणि एक दिवस, एक रात्र त्याला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी काढून आतली बाजू बघा. थेंब दिसले, किंवा प्लास्टिकखालची भिंत आजूबाजूपेक्षा काळपट झाली असली, तर ओल भिंतीच्या आतून येतेय. काम तिथंच थांबवा. मागच्या वेळी आमच्याकडं एवढंच राहिलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात सोफ्यामागची झिलई नखाएवढ्या पापुद्र्यांनी सुटली, आणि पापुद्रा उचलला की मागं मिठासारखी पांढरी पूड.

मेस्त्री हात लावून सांगेल, ‘कोरडी हाय हो, काय होत न्हाई.’ हाताला वरचा थर कळतो, आतला नाही. त्याला चहा द्या आणि प्लास्टिक चिकटवा. एका भिंतीला एक तुकडा पुरत नाही. खाली एक, छातीएवढ्या उंचीवर एक, आणि मागं न्हाणी किंवा टाकीचा पाइप असेल तर तिथं वेगळा.

आता मुहूर्त. बेळगावात जून ते सप्टेंबर भिंती पाणी पितात, खानापूर-जांबोटीकडं तर विचारूच नका. नैऋत्येचा पाऊस ज्या भिंतीला झोडपतो ती दिवाळी झाली तरी आतून ओली राहते. आणि आपली सगळी घाई असते ती गणपतीच्या आत हॉल तयार करायची. करू नका. गणपतीला साधा चुना मारा, आरास चांगली करा, भिंत तशीच राहू द्या. झिलईचं काम संक्रांतीनंतर धरा. तेव्हासुद्धा आधी प्लास्टिक, कारण महिना कोरडा असला म्हणजे भिंत कोरडी असतेच असं नाही.

ओल निघाली तर ती कुठून येते ते शोधायचं. बेळगावातल्या शहापूर, वडगावची किंवा खानापूरकडची जुनी घरं जांभ्याच्या चिऱ्याची, मातीच्या मसाल्यात बांधलेली. पायात ओल अडवणारा थर बहुतेक ठिकाणी नसतोच. जमिनीतलं पाणी अशा भिंतीत तीनेक फूट सहज चढतं. वरून सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवलेला असला की ते बाहेर पडत नाही आणि आणखी वर सरकतं. दुकानदार आतून लावायचं वॉटरप्रूफिंगचं केमिकल देईल. त्यानं या भिंतीची ओल जात नाही, फक्त जिथं केमिकल संपतं त्याच्या वर उमटते. आधी बाहेर जाऊन बघा: पन्हळ फुटलीय का, कौल सरकलंय का, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायातच पडतंय का, अंगणातली माती जोत्याच्या वर चढलीय का. यातलं जे असेल ते नीट करा, खराब गिलावा विटेपर्यंत किंवा चिऱ्यापर्यंत काढा, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवा आणि नंतर चुन्याचाच गिलावा करून घ्या. चुन्यातून ओल बाहेर निघून जाऊ शकते. मग पुन्हा प्लास्टिक.

भिंतीला लोणा (ती मिठासारखी पांढरी पूड) लागला असेल तर कोरड्या ब्रशनं झाडून पूड सुपलीत गोळा करा आणि बाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका. क्षार पाण्यात विरघळतात आणि भिंतीत परत जातात.

वायरिंग, प्लंबिंग, खिळे, एसीचं भोक, सगळं आधी. टीव्ही कुठं येणार हे घरात भांडून का होईना, आधीच ठरवा. झिलईला ठिगळ लावता येत नाही. एक बोर्ड सरकवला तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आख्खी भिंत परत करावी लागते.

नवा सिमेंटचा गिलावा असेल तर पाणी मारून झाल्यावर त्याला वेळ द्या; केल्यापासून २८ दिवस तरी जाऊ देत. त्या दिवसांतलं पाणी बाहेर दिसत नाही, आत असतं. २८ दिवस भरले तरी प्लास्टिक लावूनच बघायचं.

जुन्या भिंतीवर करणीच्या मुठीनं ठोकत जा. पोकळ आवाज आला तिथला गिलावा काढा. ओला तळहात फिरवून बघा. पांढरं निघालं तर तो जुना डिस्टेंपर आहे, तो खरवडून काढायचा. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, तोही काढायचा. ॲक्रिलिक पुट्टीची गुळगुळीत भिंत पाणी शोषत नाही, पीओपीची भिंत नको तेवढं शोषते. दोन्हीवर बारीक वाळूची कणी असलेला प्रायमर मारल्याशिवाय पुढं जाऊ नका. भिंत सपाट आहे का हे दिवसा कळत नाही. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करा आणि एक दिवा भिंतीला अगदी चिकटून धरा. सावलीवरून प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक फुगवटा समजेल, त्यावर पेन्सिलनं खूण करून ठेवा. झिलईचा एक थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, त्यात खड्डा भरला जात नाही.

सामान. चुना भिजवून मुरवलेला हवा, पाण्याखाली ठेवलेला, लोण्यासारखा. संगमरवराची भुकटी बारीक आणि स्वच्छ हवी. दगड कापणाऱ्याकडचा गाळ घेऊ नका, त्यात काय काय मिसळलंय सांगता येत नाही. रंग चुन्याला टिकणारा हवा: गेरू, पिवळी माती, लोखंडाचे ऑक्साइड. जास्त रंग घातला तर चुन्याची पकड जाते. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत मोठा फरक पडतो, वाळल्यावर तो खूपच फिका होतो. म्हणून नमुना त्याच भिंतीवर, कपाटामागं, सगळे थर आणि घोटाई (थापीनं दाबून चकाकी आणणं) करून बघा. डबीतला रंग बघून पसंत करू नका. एका भिंतीचा माल एकदाच, एकाच घमेल्यात कालवायचा. नंतर कालवलेला जुळत नाही.

थापी स्टेनलेस स्टीलची, कोपरे गोल घासलेले. साध्या लोखंडाची थापी घोटताना काळ्या रेघा ओढते, आणि टोकदार कोपरा ओरखडे पाडतो. रबरी हातमोजे आणि चष्मा घेतल्याशिवाय चुना कालवू नका. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, भरपूर पाण्यानं बराच वेळ धुवायचं आणि थेट डॉक्टर गाठायचा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

शहाबादी फरशी पूर्ण झाकायची. चुना वाळला की पांढरा डाग बसतो, आणि तो काढायला ॲसिड ओतलं तर फरशीच खाऊन जाते, कारण ती चुनखडीचीच आहे.

माणूस ठरवताना त्यानं आधी केलेली भिंत बघायला मागा, आणि तीही किमान एक पावसाळा खाल्लेली. नव्या भिंती सगळ्याच सुंदर दिसतात. सरळ गिलावा करणारा उत्तम गवंडी झिलई करेलच असं नाही, त्याला वेगळा हात लागतो. बोलणी करतानाच सांगून ठेवा की प्लास्टिकचा निकाल आल्याशिवाय काम सुरू होणार नाही आणि त्या दिवसांची मजुरी लागणार नाही.

प्रत्यक्ष दिवशी: पंखा बंद, खिडक्या बंद, भिंत हलकी दमट करून घ्या (आतून ओली नव्हे, वरून शिंपडून). दोन माणसं, एक वर एक खाली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता. मधेच जेवायला उठलं तर जोड दिसतो. दोन-तीन पातळ थर, शेवटचा जरा आवळला की घोटायला घ्यायचा. कडांना लावलेला टेप माल ओला असतानाच काढा.

नंतर खिडक्या उघडा, चुन्याला हवा लागते; हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच तो घट्ट होतो. मेण किंवा साबण लगेच लावायचा नाही. फर्निचर भिंतीपासून चार बोटं लांब. उरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवा, रंगाचं प्रमाण झाकणावर लिहून ठेवा, आणि प्लास्टिकचा तो तुकडा फेकू नका, पुढच्या खोलीला लागेल.