पानगळीतला स्वयंपाक: एक ट्रे, एक पातेलं आणि निवांत जेवण

पानगळ सुरू झाली की बाजारातल्या टोपल्यांचा रंगच बदलतो, लाल भोपळा, रताळी, बीट, गाजरं, कोबी, मग सफरचंदं आणि पेअर. या भाज्या उन्हाळ्यातल्या काकडी-टोमॅटोसारख्या पाणीदार नसतात, घट्ट असतात आणि मुळात गोड असतात. म्हणून त्यांना दोनच गोष्टी लागतात: कोरडी आणि भरपूर आच, आणि अगदी शेवटी काहीतरी आंबट. एवढं जमलं ना, तर संध्याकाळी लवकर अंधार पडल्यावर चार माणसांचं जेवण करायला चार पदार्थांची गरजच नाही, ओव्हनमध्ये एक ट्रे, गॅसवर एक पातेलं, सोबत ब्रेड, झालं. मी मनापासून याच पद्धतीची आहे, कारण पाहुणे आल्यावर स्वयंपाकघरात अडकून पडण्यात काहीच मजा नाही.

आधी खरेदी

भोपळा घेताना हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. देठ वाळलेला, खरखरीत हवा आणि सालीला नख लावलं तर सहज आत जाता कामा नये. असा पक्का झालेला अख्खा भोपळा थंड, कोरड्या, हवेशीर जागी महिना-दोन महिने आरामात टिकतो, आणि बऱ्याच जाती ठेवल्यावर आणखी गोड होतात कारण आतल्या स्टार्चची हळूहळू साखर होत जाते. चिरला की मात्र बिया काढून, झाकून फ्रीजमध्ये, आणि चार-पाच दिवसांत संपवायचा.

एक गोष्ट लक्षात ठेवाच. भोपळा चिरल्यावर छोटासा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंकून टाका आणि सगळा भोपळा फेकून द्या, शिजवून कडवटपणा जात नाही. तो कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे येतो, त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात. क्वचित होतं असं, पण बघायला एक सेकंद लागतो.

रताळी फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीने त्यांचा गाभा कडक पडतो आणि मग कितीही शिजवा, मध्ये ती गाठ राहतेच. सफरचंदं आणि गाजरं एकाच कप्प्यात ठेवू नका, सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने गाजरं कडवट होतात. पेअर आतून बाहेर पिकतो, त्यामुळे पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर आत लगदा झालेला असतो, देठाजवळ मानेवर हलकं दाबायचं, तिथे मऊ लागला की खायला तयार.

भोपळा चिरायचा कसा

भोपळा लोळतो आणि सुरी घसरते, बोटं कापतात ती इथेच. बोर्डाखाली ओलं फडकं पसरा म्हणजे बोर्ड हलणार नाही. मग भोपळ्याच्या बुडाची पातळ चकती कापून टाका म्हणजे तो सपाट बसेल, आणि मोठ्या सुरीने वरून खाली, सुरीचं टोक आत रोवून, मग मूठ खाली दाबत निम्मा निम्मा करा. साल फारच टणक असेल तर काट्याने चार-सहा ठिकाणी भोकं पाडून मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं फिरवा, साल बरीच नरमते. आणि सूपच करायचं असेल तर सोलायच्या भानगडीत पडूच नका, दोन तुकडे करून कापलेली बाजू खाली ठेवून तसाच भाजा, नंतर चमच्याने गर निघतो.

बिया टाकू नका हं. धागे काढून, धुऊन, फडक्यावर चांगल्या कोरड्या करा, थोडं तेल-मीठ लावून 160 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून. सूपवर टाकायला याच्यापेक्षा छान काही नाही.

ट्रे: सगळा खेळ जागेचा आहे

ओव्हन 220 अंशांवर आधीच पूर्ण तापवून ठेवा. साधारण एक किलो भाजीला दोन-तीन टेबलस्पून तेल आणि एक छोटा चमचा मीठ, फोडी साधारण अडीच सेंटीमीटरच्या आणि शक्यतो सारख्या. धुतलेली भाजी नीट पुसून घ्या. आता मुद्द्याचं, फोडी एका थरात पसरा आणि प्रत्येक दोन फोडींमध्ये बोटभर जागा ठेवा. भाजीतलं पाणी 100 अंशांला वाफ होऊन निघतं, आणि तो खमंग तपकिरी रंग यायला पृष्ठभाग 140 च्या वर जावा लागतो, म्हणजे गर्दी केली की फोडी एकमेकींच्या वाफेत बसून राहतात, शिजतात पण भाजत नाहीत, मऊ गिळगिळीत होतात. जागा पुरत नसेल तर दोन ट्रे घ्या, पण कोंबू नका.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही. सारखं हलवलं तर खालची बाजू तव्यासारख्या तापलेल्या ट्रेला टेकून भाजायला वेळच मिळत नाही. मग उलथन्याने एकदा उलटा, अजून पंधरा मिनिटं. झालं की नाही ते असं ओळखायचं: कडा गडद झाल्या, फोड आपोआप ट्रेवरून सुटते आणि सुरीचं टोक लोण्यात गेल्यासारखं आत जातं. सुरुवातीला ओव्हनमधून जोरात चुरचुर आवाज येतो तो पाण्याचा, तो मंदावला की खरं भाजणं सुरू झालं समजा.

सगळ्या भाज्या एकदम टाकू नका. बीट आणि गाजर आधी, भोपळा दहा मिनिटांनी, कांद्याच्या जाड फाका त्याच्यासोबत, मशरूम आणि फ्लॉवरचे छोटे तुरे शेवटच्या वीस मिनिटांत. लसणाच्या पाकळ्या सालीसकट टाका, आत मलईसारखा होतो, ब्रेडवर दाबून लावायचा. ट्रे बाहेर आला की लगेच लिंबू पिळा किंवा एक चमचा व्हिनेगर शिंपडा, वर मिरी. या भाज्यांचा गोडवा आंबटाशिवाय दोन घासांत कंटाळवाणा होतो, हे मी कितीही वेळा सांगेन.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचा तवा किंवा बीडाची कढई घ्या, आधी झाकण ठेवून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, मग झाकण काढून आच वाढवून न हलवता रंग येऊ द्या. थोडे थोडे करून भाजावे लागतात एवढंच.

रताळ्याचं मात्र उलटं आहे. त्यात एक एन्झाइम असतं जे साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान स्टार्चची साखर करतं, त्यामुळे आतून हळूहळू तापलं की ते जास्त गोड होतं. अख्खं रताळं सालीसकट धुऊन, काट्याने टोचून थंड ओव्हनमध्येच ठेवा आणि मग 200 वर लावा, तासभर. खाली एक कागद ठेवा, कारण सालीतून पाक गळतो आणि ट्रेला चिकटून बसतो.

पातेलं: सूप किंवा राजमा

सूप तर भाजलेल्या भोपळ्याचंच करा, उकडलेल्या भोपळ्याचं सूप पाणचट लागतं. जाड पातेल्यात थोड्या लोण्यात एक मोठा कांदा मंद आचेवर मऊ होईपर्यंत परता, भाजलेल्या भोपळ्याचा गर, वर पाऊण लिटर पाणी किंवा भाजीचं स्टॉक, दहा मिनिटं उकळू द्या. मग मिक्सर. इथे घाई करू नका, गरम सूप मिक्सरच्या भांड्यात निम्म्याच्या वर भरायचं नाही, झाकणातली छोटी टोपी काढून तिथे फडकं धरायचं आणि हळू स्पीडने सुरू करायचं, नाहीतर कोंडलेली वाफ झाकण उडवते आणि हात भाजतो. हँड ब्लेंडर असेल तर प्रश्नच नाही. शेवटी मीठ चाखून, लिंबू, जायफळाची चिमूट. क्रीम लागतंच असं नाही, भोपळा चांगला असला की सूप आपसूक दाट होतं.

भूक मोठी असेल तर राजमा आणि भाज्यांचं एकच पातेलं. राजमा रात्रभर भिजत घाला, त्या पाण्यात मीठ टाकलंत तरी चालतं, उलट साली मऊ होतात आणि फुटत नाहीत, मिठाने कडधान्य शिजत नाही हा गैरसमज आहे. अडवतो तो आंबटपणा, म्हणून टोमॅटो राजमा पूर्ण मऊ झाल्यावरच टाका. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग आच कमी करून शिजवा. हे दहा मिनिटांचं उकळणं टाळू नका, कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याने पोट बिघडतं, आणि स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासनतास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, पुरेसं तापमान न गेल्यामुळे ते तसंच राहतं, तेव्हा स्लो कुकर वापरायचा तर आधी गॅसवर उकळूनच त्यात घाला. नंतर गाजर, कोबी, लसूण, थोडी पेपरिका. असं पातेलं दुसऱ्या दिवशी अजून छान लागतं, म्हणून लोक येणार असतील तर आदल्या दिवशीच करून ठेवा.

माणसं आल्यावर

पातेलं सरळ टेबलावर, खाली जाड फडकं, आत डाव. ट्रेही तसाच. शेजारी छोट्या वाट्यांत भाजलेल्या बिया, किसलेलं चीज, चिरलेली कोथिंबीर किंवा पार्सली, लिंबाच्या फोडी, तिखट, आणि ज्याचं त्याने घ्यायचं. यात कुणाला काय चालतं काय नाही याची सोय आपोआप होते, फक्त अक्रोड-बदाम वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने ठेवा आणि आधीच विचारा कुणाला ॲलर्जी आहे का. सूपाच्या वाट्या आधी गरम पाण्याने विसळून घ्या, हवेत गारवा असतो आणि थंड वाटीत सूप दोन मिनिटांत निवतं. सगळ्यांनी टेबलालाच बसलं पाहिजे असंही नाही, वाटी हातात घेऊन कुठेही बसू दे.

पिण्यासाठी सफरचंदाचा रस, लिटरभर, त्यात दालचिनीची एक काडी, चार-पाच लवंगा, संत्र्याच्या सालीची पट्टी, मंद आचेवर वीस मिनिटं. उकळी येऊ देऊ नका, वाफ दिसत राहिली की पुरे. घरभर वास पसरतो तो वेगळाच.

गोडाला भाजलेली सफरचंदं. घट्ट जातीची घ्या, मऊ जातीचा लगदा होतो. मधला बियांचा भाग छोट्या चमच्याने कोरून काढा पण बूड शाबूत ठेवा, आणि पोटाभोवती सालीला सुरीने एक हलकी गोल चीर द्या म्हणजे साल फुटणार नाही. आत लोणी, ब्राऊन शुगर, मनुका, दालचिनी, ट्रेमध्ये तळाला थोडं पाणी, 180 अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. तुम्ही जेवायला बसताना आत ठेवा, जेवण संपेपर्यंत होतात.

उरलेलं

गप्पांच्या नादात पातेलं तसंच बाहेर राहतं, पण शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भाग तासनतास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत काढून ठेवा. 4 अंशांच्या फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चालतं, आणि खाताना नुसतं कोमट न करता वाफाळेपर्यंत गरम करा. भाजलेल्या भाज्या ऑम्लेटमध्ये किंवा पास्त्यात छान जातात, त्यांना परत करकरीत करायचं तर मायक्रोवेव्ह नको, तापलेल्या तव्यावर दोन मिनिटं. सूप फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने चांगलं राहतं, डब्यात वर दोन बोटं जागा सोडा कारण गोठताना फुगतं, आणि झाकणावर तारीख लिहून ठेवा.