चित्रगोष्टीला विषय सुचत नाही? या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी मी ठाण्याच्या तलावपाळीवर एक गोष्ट लिहिली होती. तलाव घाण झालाय, मासा रडतोय, कासव भाषण ठोकतंय, शेवटी मुलं कचरा उचलतात. शेजारच्या सहा वर्षांच्या पोरीला ती वाचून दाखवली. तिने सगळं निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, मासा पाण्यातच रडला तर कळणार कसं?"

माझी नऊ पानं तिथेच बाद झाली.

तेव्हा केलेली चूक आता मला सगळीकडे दिसते: आधी बोध ठरवायचा आणि मग त्याला शेपूट-कान लावून प्राणी बनवायचा. 'पाणी वाचवा', 'मोबाईल नको', 'मैत्री करा' हे निबंधाचे विषय. त्यातून चित्रकाराला काढण्यासारखं काही मिळत नाही, फार तर रडका चेहरा आणि हसरा चेहरा. पोरीच्या प्रश्नातून मात्र लगेच चित्रं सुरू होतात. मासा रोज रडतो, त्यामुळे तलावाचं पाणी रोज थोडं वर चढतं. आधी काठावरच्या बाकापर्यंत, मग भेळवाल्याच्या स्टुलापर्यंत, मग थेट कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत. आणि ठाणेकर म्हणतात, यंदा पाऊस जरा जास्तच झाला!

दुसरी चूक, दिसलेल्या देखाव्यालाच कल्पना समजणं. नेरूळ-सीवूड्सकडच्या ओळखीच्या मंडळींची पहिली गोष्ट हमखास फ्लेमिंगोंची असते. ठाणे खाडीत थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत हजारोंनी येतात ते, २०१५ पासून तिथे त्यांचं अभयारण्यही आहे, तेव्हा मोह होणारच. पण "गुलाबी पक्षी आले, सगळ्यांना आवडले, उडून गेले" यात गोष्ट कुठेय? जरा वेळ काढून त्यांना चरताना बघा. फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव गाळून खातो. (गुलाबी रंग येतो तो याच खाण्यातून, पिल्लं करडी असतात.) आता जेवताना डोकं उलटं म्हणजे पाम बीच रोडचे टॉवर त्याला आभाळातून लोंबकळताना दिसणार. एखाद्या भित्र्या पिल्लाला वाटलं की हे आता पडणार, आणि ते घास टाकून सगळ्यांना सावध करत सुटलं तर? निम्मी पानं पुस्तक उलटं धरून वाचायची. पक्ष्याला काहीतरी हवंय किंवा कशाची तरी भीती वाटतेय, एवढं सापडलं की देखावा गोष्टीकडे सरकतो.

कल्पना टिकणार का, हे तपासायला मी कागदावर बारा चौकोन आखते. चित्रपुस्तक बहुतेकदा ३२ पानांचं असतं, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की पानं आठाच्या किंवा सोळाच्या पटीत पडतात. शीर्षक वगैरे वजा केलं की समोरासमोरच्या पानांचे बारा-चौदा स्प्रेड उरतात. प्रत्येक चौकोनात काय दिसेल ते काड्याकुड्यांच्या माणसांनी काढायचं. सात चौकोनांत आई आणि मूल सोफ्यावर बसून बोलतच असतील, तर ते नाटक लिहा, छान होईल. एकाच जागेची गोष्ट चालत नाही असं मात्र नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली लिफ्ट घ्या. जागा तीच, पण पान उलटलं की दार उघडतं आणि दर मजल्यावर बाहेर काहीतरी भलतंच उभं.

चित्रात दिसणारं पुन्हा शब्दांत सांगणं ही तर माझी जुनी खोड. "मनू लाल छत्री घेऊन निघाली" लिहायचं आणि खाली लाल छत्रीवाली मनू. त्यापेक्षा लिहा, "मनू शाळेतून सरळ घरी आली," आणि चित्रात राम मारुती रोडवर तिच्या छत्रीखाली भिजलेली तीन कुत्री दाखवा. मुलांना मोठ्यांची थाप पकडायला फार आवडतं.

माहिती कोंबणं हा आणखी एक रोग. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली: ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे. हे सगळं गोष्टीत घातलंत तर इतिहासाचा धडा होईल. मी फक्त एक धागा उचलेन. गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. मग सगळ्यात पुढे कोण, यावर भांडण झालं असेल की नाही?

मुलांना "कशावर गोष्ट लिहू?" असं विचारू नका. डायनोसॉर हेच उत्तर येतं. त्यांच्यासमोर अर्धवट गोष्ट टाका आणि गप्प बसा. माझी माशाची गोष्ट कित्येक महिने अडली होती, कारण तो कशामुळे रडतो हेच मला ठरवता येत नव्हतं. परवा रात्री तीच पोर तलावपाळीवर माझ्यासोबत कुल्फी खात होती. गर्दी, दिवे, हॉर्न, सगळं जोरात चालू. पाण्याकडे बघत म्हणाली, "माशांना पापण्या नसतात ना? मग एवढ्या उजेडात तो झोपणार कसा?"