बिनहमचा ॲम्प्लिफायर घरच्या घरी

घरी बांधलेल्या ॲम्प्लिफायरची परीक्षा मी मोठ्या आवाजात घेत नाही. इनपुट शॉर्ट करायचा, पंखा बंद करायचा आणि स्पीकरला कान लावायचा. मला ख्याल ऐकायचा असतो, आणि गाणं सुरू होण्याआधी नुसता तानपुरा वाजत असतो तेव्हाच ॲम्प्लिफायरचं खरं रूप कळतं. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल तर तानपुऱ्याचा खर्ज साधारण 69 हर्ट्झला लागतो. आपल्या विजेचा हम, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी घूं, येतो 50 आणि 100 हर्ट्झला. त्यातला 100 हर्ट्झ या षड्जाच्या हिशेबाने तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली, मध्येच कुठेतरी पडतो. कोणत्याही रागात न बसणारा हा सूर तासभर सोबत वाजत राहिला तर गाण्याचा विचका होतो. म्हणून वॉटपेक्षा वायरिंगबद्दलच मी जास्त सांगणार आहे.

चिप घ्या एलएम3886. अकरा पायांची एकच चिप, बाहेर मोजकेच पार्ट. डेटाशीटप्रमाणे अधिक-उणे 28 व्होल्टवर ती 8 ओहमला 38 वॉट आणि 4 ओहमला 68 वॉट देते. दोन चॅनेलला दोन चिप. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी केलीत तर चिप, कोरी पीसीबी (पार्ट बसवायचा बोर्ड), कंडेन्सर, सगळं एका फेरीत जमतं. फार स्वस्त चिप मिळाली तर घेऊ नका, नकली माल फिरतो. हीटसिंकसाठी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा. जुन्या यूपीएसमधले जाड पात्यांचे ॲल्युमिनियमचे तुकडे तिथे पाहायला मिळतात, आणि हीटसिंक जुना असला तरी काही बिघडत नाही. फिल्टर कंडेन्सर मात्र जुने कधीही घेऊ नका, ते आतून सुकलेले असतात.

ट्रान्सफॉर्मर 18-0-18 व्होल्ट, 5 ॲम्पियर. टोरॉइडल, म्हणजे गोल कड्याच्या आकाराचा, परवडला तर उत्तम. 18 ला 1.414 ने गुणून डायोडचा ड्रॉप वजा केला की दोन्ही बाजूंना साधारण 25 व्होल्ट मिळतात. 8 ओहमच्या स्पीकरला त्यातून प्रत्येकी 25 वॉटच्या आसपास निघतात. दहा बाय बाराच्या खोलीला ते भरपूर आहेत. प्रायमरीला फ्यूज 1.6 ॲम्पियरचा, स्लो-ब्लो. एसीचा डीसी करणारा डायोडचा ब्रिज केबीपीसी3510. त्याचा जो एक पाय बाकी तिघांपेक्षा आडवा असतो तो प्लस, त्याच्या तिरप्या समोरचा मायनस, उरलेल्या दोघांना ट्रान्सफॉर्मरची टोकं. सेंटर टॅप, म्हणजे 18-0-18 मधली 0 ची वायर, ब्रिजला जात नाही. तो थेट कंडेन्सरकडे जातो, आणि हमचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

50 व्होल्टचे 10,000 मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर शेजारी-शेजारी बसवा. एकाचा मायनस आणि दुसऱ्याचा प्लस तांब्याच्या जाड पट्टीने जोडा. सेंटर टॅपची वायर या पट्टीवर येते. सेकंदाला शंभर वेळा ब्रिजमधून करंटचा झटका येतो आणि कंडेन्सर भरतो. हा झटका बऱ्याच ॲम्पियरचा असतो, आणि पट्टीचा रेझिस्टन्स कितीही कमी असला तरी तिच्यावर काही मिलिव्होल्ट उमटतातच. तुमच्या इनपुटचा ग्राउंड याच पट्टीला जोडलेला असेल तर ते मिलिव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात आणि 23 पटींनी मोठे होऊन स्पीकरमध्ये येतात. म्हणून पट्टीच्या मध्यातून एकच जाड वायर काढा आणि दोन-तीन सेंटिमीटरवर पितळी स्क्रूचा वेगळा स्टार पॉइंट, म्हणजे सगळे ग्राउंड एकत्र येण्याची एकच जागा, करा. दोन्ही बोर्डांचे पॉवर ग्राउंड आणि दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी इथे आणा, प्रत्येक वायर स्वतंत्र. पट्टीवर दुसरं काहीही जोडू नका. एवढा नियम कसोशीने पाळलात तर निम्मा हम जन्मालाच येत नाही. प्रत्येक कंडेन्सरवर 2.2 किलोओहम, 2 वॉटचा रेझिस्टर लावा, म्हणजे बंद केल्यावर चार्ज साठून राहत नाही.

बोर्डावरचे आकडे असे. फीडबॅकला 22 किलोओहम आणि 1 किलोओहम, म्हणजे गेन 23, सिग्नल 23 पट मोठा होतो. ही चिप 10 पेक्षा कमी गेनवर स्थिर राहत नाही, तेव्हा तो फार उतरवू नका. 1 किलोओहमच्या खाली सिरीजमध्ये 47 मायक्रोफॅरड. इनपुटला 1 मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर आणि ग्राउंडकडे 22 किलोओहम. हाही 22 च ठेवायचा, दोन्ही इनपुटना डीसीसाठी सारखाच रेझिस्टन्स दिसला की ऑफसेट, म्हणजे आउटपुटवरचा नको असलेला डीसी, कमी राहतो. म्यूटची 8 नंबरची पिन 22 किलोओहममधून उणे सप्लायला जोडा, नाहीतर चिप म्यूट राहते आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता. आउटपुटवरून ग्राउंडला 2.7 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड सिरीजमध्ये. स्पीकरकडे जाताना 10 ओहम, 2 वॉटच्या रेझिस्टरवर 1 मिलिमीटर एनॅमल वायरचे दहा-बारा वेढे घाला आणि टोकं त्याच रेझिस्टरच्या पायांना जोडा. डाग देण्याआधी टोकांचं एनॅमल ब्लेडने खरवडून तांबं उघडं करा.

दोन गोष्टी अगदी चिपच्या पायाशी हव्यात: सप्लायच्या प्रत्येक पिनला 0.1 मायक्रोफॅरड आणि 220 मायक्रोफॅरड. दहा सेंटिमीटर लांब वायरीच्या टोकाला लावले तर त्यांचा उपयोग नाही, चिप ऑसिलेट होऊन, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच कंपनं काढून, उगाच तापते. दोन्ही बोर्डांवर सिग्नल ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड 10 ओहमने जोडा, थेट नको. दोन्ही चॅनेलचे इनपुट ग्राउंड बाहेर मोबाइलच्या जॅकमध्ये एकत्र होतातच, आणि तो फेरा या 10 ओहमने मोडतो.

एलएम3886टी या प्रकारात चिपची धातूची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते. मधे अभ्रक, दोन्ही बाजूंना हीटसिंक कंपाउंडचा पातळ थर आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश घाला. मग मल्टिमीटर बीपवर ठेवून चिपची पाठ आणि हीटसिंक यांमध्ये तपासा. बीप वाजता कामा नये. नंबरच्या शेवटी टीएफ लिहिलेल्या चिपची पाठ प्लास्टिकची असते, तिला अभ्रक लागत नाही. पुण्याचा एप्रिल-मे लक्षात घेऊन हीटसिंक मोठाच घ्या आणि पाती उभी ठेवा.

पहिल्यांदा सप्लाय देताना सिरीज बोर्ड, म्हणजे मेनच्या वाटेत सिरीजमध्ये बल्ब असलेला बोर्ड, हवाच. 60 वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब लावा, एलईडी चालत नाही. आधी नुसता ट्रान्सफॉर्मर, मग ब्रिज आणि कंडेन्सर, मग एक बोर्ड, मग दुसरा. प्रत्येक वेळी बल्ब क्षणभर पेटून मंदावला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर प्लग काढा आणि शॉर्ट शोधा. 230 व्होल्टच्या बाजूला प्रत्येक जोडावर स्लीव्ह घाला आणि झाकण उघडं असताना मोजमाप एकाच हाताने करा.

बोर्ड जोडल्यावर स्पीकर न लावता आउटपुटवरचा डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले पाहिजेत. 50 च्या वर गेला तर पुढे जाऊ नका. एक सप्लाय तुटलेला असेल तर वीस-पंचवीस व्होल्ट थेट स्पीकरच्या कॉइलवर जातात आणि ती जळते. पहिला स्पीकर म्हणूनच जुना, किरकोळ घ्या.

आता कान लावा. हम ऐकू आलाच तर तो कुठला ते ओळखता येतं. गोल, खोल घूं असेल तर बहुतेक 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या वायरीत शिरतंय. यासाठीच ट्रान्सफॉर्मरच्या वायरी आधी लांब ठेवाव्यात आणि भोकं शेवटी पाडावीत: तो जागच्या जागी हळूहळू फिरवत गेलं की एका कोनात हम सगळ्यात कमी होतो, तिथेच पक्का करा. इनपुटला शिल्डची वायर वापरा आणि ती सप्लायपासून दूर न्या. आवाज कर्कश, झांजेसारखा खरखरीत असेल तर 100 हर्ट्झ आणि त्याच्या पटी. मग काहीतरी त्या तांब्याच्या पट्टीवर जोडलं गेलंय, ते काढून स्टारवर न्या. व्हॉल्यूमला बोट लावल्यावर हम कमी झाला तर पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलच्या, धातूच्या अंगाला डब्याशी जोडून टाका. पॉट 10 किलोओहम, लॉग.

तीन पिनचा कॉम्प्युटर जोडल्यावरच हम आला तर तो अर्थ लूप, म्हणजे दोन अर्थ जोडण्यांमधून फिरणारा करंट. मेनची हिरवी वायर डब्याला स्वतंत्र बोल्टने कायम कसलेली असावी. स्टार पॉइंट आणि हा बोल्ट यांच्यामध्ये आणखी एक केबीपीसी3510 घाला: त्याचे प्लस-मायनस एकमेकांना जोडा, उरलेल्या दोन पायांपैकी एक स्टारला, एक बोल्टला, आणि त्या दोघांवर 10 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर. इनपुटचे सॉकेट डब्यापासून प्लास्टिक वॉशरने वेगळे ठेवा, नाहीतर हा सगळा खटाटोप फुकट. कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थ पिन काढूनही हम जातो, पण मग उद्या इन्सुलेशन फुटलं तर कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर 230 व्होल्ट येतील. ती वाट धरू नका.